बिराजदारांची तिसरी

रामहरी बिराजदारांना दोन मुली, असं तालुक्यात कुणीही सांगेल. जरा ओळख वाढली की तोच माणूस आवाज खाली आणून म्हणेल, "तिसरी बी हाय की. बोरगावला, मेव्हण्याकडं."

अक्कलकोटच्या अलीकडे बिराजदारांची साठ एकर काळी जमीन. आजोबा गावचे पुढारी, वडील पंचायत समितीवर, आणि रामहरी तरुणपणीच जिल्हा परिषदेवर निवडून आले. अंगावरचा गुलाल नीट उतरलाही नव्हता तेव्हा गिरिजाबाईंना दिवस गेले. दोन मुलींच्या पाठीवर मुलगा हवा होता, त्यासाठी नवस झाले होते. पण कायदाही नुकताच लागू झाला होता. तिसरं मूल झालं की सदस्याचं पद जाणार, आणि पडलेला उमेदवार कोर्टात जायला टपूनच बसलेला.

पोट दिसायच्या आत गिरिजाबाईंना पाठीच्या दुखण्याचं निमित्त सांगून भावाकडे, बोरगावला धाडलं. तिथं घरातच सुईणीच्या हातून मुलगी झाली. भाऊ अभिमन्यू आणि त्याची बायको रंभाबाई यांना मूलबाळ नव्हतं. मुलगी त्यांच्या नावावर लागली.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणून ओल्या बाळंतिणीनंच पाळण्यावर वाकून आपल्या मुलीच्या कानात 'पूनम' म्हटलं, आणि चालीप्रमाणे जमलेल्या बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या. आठवड्याभरात न्यायला गाडी आली. वाटेत गिरिजाबाईंचं लुगडं छातीशी भिजत राहिलं. ड्रायव्हरनं मागं पाहिलं नाही.

पुढं रामहरी पुन्हा निवडून आले, सभापती झाले. एकदा गट महिलांसाठी राखीव पडला तेव्हा त्यांनी गिरिजाबाईंनाच उभं केलं. आपल्याला दोनच अपत्यं आहेत असं तेव्हा गिरिजाबाईंनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. निवडून आल्यावर पाच वर्षांत सभेत त्या एकदाही बोलल्या नाहीत.

पूनम बोरगावात वाढली. अभिमन्यूला ती आबा म्हणे, रंभाबाईंना आई. गिरिजाबाईंना ती आत्त्या म्हणे, आणि आत्याच्या नवऱ्याला म्हणतात तसं रामहरींना मामा. खरं काय ते तिला शाळेतल्या पोरींनीच कधीतरी सांगितलं होतं. तिनं घरी विषय काढला नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा जिल्हा परिषदेची मुदत संपून तीन वर्षं होऊन गेली होती. प्रशासक बसलेला, निवडणूक पुढं पुढं जात राहिलेली. रामहरींकडं कुठलंच पद नव्हतं. गिरिजाबाईंना वाटलं, आता एक मागणं मागून बघावं.

"कन्यादानाला आपण बसायचं," त्या म्हणाल्या. "एवढं एकदा मला तिची आई म्हणून बसू द्या."

"येडी हायेस का? लग्नाचा व्हिडिओ निघतोय. उद्या तोच कोर्टात दाखवतील. निवडणूक कधीबी लागंल आता."

"पोरगा असता तर?"

"तर काय?"

"तर पद सोडलं असतं तुमी."

रामहरींनी ड्रायव्हरला हाक मारली आणि चपला शोधायला लागले.

लग्न सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात झालं. अक्षता पडायच्या आधी माइकवरून पुकारा झाला, "आपल्या भागाचे भाग्यविधाते, माजी सभापती, माननीय रामहरीदादा बिराजदार!" अभिमन्यूनं त्यांना फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ हातात दिला. रामहरींनी शुभाशीर्वादाचं भाषण केलं. वधूपिता अभिमन्यूराव यांचं मनापासून अभिनंदन केलं.

मागच्या खुर्च्यांवर एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "वधूपित्यानं वधूपित्याचा सत्कार केला बघ."

"गप की. जेवायचंय अजून."

कन्यादानाला अभिमन्यू आणि रंभाबाई बसले. पाण्याची धार सोडताना रंभाबाईंनी मागं वळून हळूच म्हटलं, "वन्सं, हात लावा." गिरिजाबाई पुढं वाकल्या. समोर सोफ्यावर बसलेले रामहरी त्यांच्याकडं बघत होते, त्यांच्या बाजूला कॅमेरावाला उभा होता. त्या तशाच मागं सरल्या.

पावसाळा सरला आणि आरक्षणाची सोडत निघाली. गट दुसऱ्या प्रवर्गात गेला. रामहरींना उभं राहता येणार नव्हतं, गिरिजाबाईंनाही नाही. दोन दिवस फोन वाजत होता. मग तो थांबला.

दिवाळीच्या तोंडावर ते म्हणाले, "चल, पूनमकडं जाऊ. दिवाळसणाला आपल्याकडंच आणू तिला." गिरिजाबाईंनी कधी नव्हे ती पैठणी नेसली.

पूनमचा नवरा शिवानंद अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. जवळच त्यांची भाड्याची खोली. दारात गाडी थांबली तशी तो शेजारून खुर्ची मागून आणायला पळाला. भिंतीपलीकडं माग खडखडत होते, त्यामुळं सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"च्या टाकू का, मामा?" पूनमनं विचारलं.

"च्या नगं. औंदा दिवाळसणाला तुमी दोघं आमच्याकडं यायचं." ते थांबले. "बापाच्या घरी."

तो शब्द तिच्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. पूनमनं तरीही गॅस पेटवला.

"आरक्षण पडलं ते आमी बी वाचलं, मामा."

"तसं न्हाय, पोरी..."

"लग्नात म्हणाला असता तर तितंच, सगळ्यांदेखत तुमच्या पाया पडले असते. आता आबांना काय सांगू? त्यांनी जावयाला कपडे घेऊन ठेवलेत." तिनं चहात साखर टाकली. मग आवाज मऊ केला. "आत्त्या, तुमी या की बोरगावला."

शिवानंदला यातलं काही कळलं की नाही, कोण जाणे. जाताना त्यानं साहेबांबरोबर फोटो काढून घेतला.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी गिरिजाबाईंनी पिशवी भरली.

"कुटं निघालीस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना ठावंच हाय. तुमालाच काय ते उशिरा कळलं," म्हणत त्या एकट्याच एसटीनं बोरगावला गेल्या.

पहाटे अंगणात पाट मांडला होता. शिवानंदची आंघोळ उरकली, मग पूनम पाटावर येऊन बसली. रंभाबाईंनी कोमट तेलाची वाटी उचलली, क्षणभर थांबल्या आणि ती गिरिजाबाईंच्या हातात दिली. "वन्सं, आज तुमी लावा."

गिरिजाबाईंनी बोटं तेलात बुडवली.

"असू दे की आई," पूनम रंभाबाईंना म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, रोजचंच बोलणं होतं. "आत्त्या पावण्या हायत. त्यास्नी कशाला कामाला लावतीस? तू लाव."

रंभाबाई काही बोलणार होत्या. गिरिजाबाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं, वाटी परत दिली आणि रंभाबाईंना बसायला जागा करून दिली.