भागोजी बँडवाला आणि न फुगणारे गाल

कापडे गावच्या बौद्धवाडीतला भागोजी बँडवाला कुणावरही विश्वास ठेवत नाही, हे पोलादपूरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मासळीवालीने मासा ताजा आहे म्हटलं, तर हा कल्ले उघडून बघणार. आणि मासळीवाली त्याची चुलत बहीण असली तरी बघणार. एसटीच्या कंडक्टरने गाडी महाडला जाते म्हणून सांगितलं, तरी पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारणार. त्याची बायको मंजुळा सांगते, लग्नात हार घालायच्या आधी यांनी माझं नाव विचारून खात्री करून घेतली होती. यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नसेल.

त्याचा धंदाच तसा. वरातीत बँड मोठा दिसावा असं लग्नघराला वाटतं, आणि वाजवणारी माणसं तेवढी मिळत नाहीत. मग चार-पाच जणांना लाल कोट चढवायचे, हातात वाद्यं द्यायची आणि रांगेत उभं करायचं. त्यांनी वाद्य तोंडाला लावायचं, बोटं नाचवायची, फुंकायचं मात्र नाही. या माणसांना डमी म्हणतात. सगळे बँडवाले डमी ठेवतात आणि विचारलं की सगळे कानावर हात ठेवतात. भागोजी स्वतः क्लॅरिनेट वाजवत पुढे चालतो. मागचा कुणी दमून फुंकायचा थांबला की त्याला न बघता कळतं. मग तो वळतो आणि गाल बघतो. गाल फुगलेले नसतील तर फुंक नाही, हा त्याचा कायदा.

अशा माणसाच्या मुलीने इटलीत संगीत शिकायला जावं, म्हणजे काय व्हायचं ते झालंच.

मुलगी प्रियदर्शिनी. घरात तिला दर्शी म्हणतात. क्लॅरिनेट ती बापाकडेच शिकली, लहानपणी त्याच्या जुन्या, चिकटपट्टी लावलेल्या वाद्यावर. पुढे कॉलेजसाठी मुंबईला गेली, तिथे एका इटालियन मास्तरांनी तिचं वाजवणं ऐकलं, परीक्षा झाल्या, शिष्यवृत्ती मिळाली, आणि पेरुजा नावाच्या जुन्या गावातल्या संगीत विद्यालयात तिला प्रवेश मिळाला. गाव डोंगराच्या माथ्यावर, भोवती दगडी तट. फोटो बघून मंजुळा म्हणाली, "आपल्या गडावानीच हाय की." भागोजी म्हणाला, "फोटो कुणी पण पाठवंल."

त्याला घाबरायला कारण नव्हतं असं नाही. उमरठच्या त्याच्या एका मेव्हण्याला एका एजंटाने हॉटेलात मॅनेजर करतो म्हणून आखातात नेलं होतं आणि तिथे त्याला बकऱ्या राखायला लावल्या होत्या. तेव्हापासून परदेश म्हटलं की भागोजीला बकऱ्याच दिसायच्या.

फोनवर त्याची उलटतपासणी सुरू झाली. दर्शीच्या मागे स्टीलचं सिंक दिसलं, की "भांडी कुणाची घासतेस?" कमरेला एप्रन दिसला, की "हॉटेलात हायस का?" एकच प्रश्न तो आज एका तऱ्हेने विचारायचा आणि आठवड्याने दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचा. ती जुळायची. मग त्याला वाटायचं, पाठ करून ठेवलीत.

एकदा त्याने विचारलं, "आता कुठलं गाणं चाललंय?"

"गाणं नाही बाबा. सध्या नुसता एकेक सूर लांब धरायचा असतो. सर म्हणतात, सगळं पहिल्यापासून करायचं. श्वास, ओठ, सगळं."

भागोजीने फोन मंजुळाच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसला. जिने बारा वर्षांची असताना महाडजवळच्या सव नावाच्या गावातल्या वरातीत रस्ताभर गाण्यांमागून गाणी वाजवली, तिला हे लोक एक सूर धरायला लावतात? याच्यात काहीतरी काळंबेरं होतं.

ते काळंबेरं फेब्रुवारीत सापडलं, असं त्याला वाटलं. दर्शीने विद्यालयाच्या वाद्यवृंदाचा व्हिडिओ पाठवला. भागोजीने तो पोलादपूरच्या बँडच्या खोलीत बसून किशोरच्या मोठ्या फोनवर बघितला. हा किशोर भागोजीचा कायमचा डमी. पंधरा वर्षं ट्रम्पेट तोंडाला लावतोय, अजून एक सूर काढलेला नाही.

जुन्या देवळासारखं सभागृह, काळ्या कपड्यातली पन्नास-साठ पोरं. मध्ये दर्शी, शेजारी एक गोरा पोरगा, त्याच्याकडेही क्लॅरिनेट. वाजवणं सुरू झालं आणि दर्शी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. बराच वेळ बसून राहिली. मग तिने वाद्य उचललं, बोटं हलली, क्लॅरिनेटचा सूरही ऐकू आला. भागोजीने डोळे फोनला टेकवले. गोऱ्या पोराचा गळा थरथरत होता, म्हणजे फुंक त्याची. दर्शीचे गाल सपाट होते. जराही फुगले नव्हते.

"हिला डमी ठेवलीय," भागोजी म्हणाला.

"काय बोलता दादा!"

"गाल बघ. वाजवतोय तो बाजूचा. आमच्या पोरीला फोटोपुरती बसवलीय. काळी पोर दिसली म्हणजे दुनियाभरची पोरं येतात असं सांगायला बरं."

किशोरने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. "दादा, डमी असती तर अशी मांडीवर घेऊन बसली नसती. डमी थांबत नाय कधी. आम्हाला भ्या असतं ना, कुणाला कळंल म्हणून. आम्ही सगळ्यांत जास्त बोटं नाचवतो."

"तू गप. तुला काय कळतंय वाजवण्यातलं?"

हे जरा क्रूर झालं, पण त्या दिवशी भागोजीला स्वतःचंच दुःख आवरत नव्हतं. डमीचं जिणं त्याच्याइतकं कुणी जवळून पाहिलं होतं? वरात संपली की वाजवणाऱ्याच्या पाठीवर थाप पडते, डमीचं नावही कुणी विचारत नाही. तो पंगतीला शेवटी बसतो. आपली पोर तिकडे त्या पंगतीत बसली असेल, हेच त्याला दिसत होतं. रागाच्या खाली सगळी भीतीच होती. पण त्याला रागच दाखवता येतो.

त्याच संध्याकाळी त्याने फोन केला. "मांडीवर घेऊन काय बसली होतीस?"

"बाबा, ते मोजायचं असतं. आपली जागा येईपर्यंत थांबायचं."

"गप बसायला शिकवतात व्हय तिकडं? दर्शे, खरं सांग, फुंकतेस का नुसतं तोंडाला लावतेस? मी बँडवाला हाय, मला येडा करू नको. तुला त्यांनी शोभेला ठेवलीय."

ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला. त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची.

ऑगस्टच्या सुट्टीत ती घरी आली. भात लावून झालं होतं, लग्नं बंद, बँडची वाद्यं डांबरगोळ्या टाकून पेटीत गेली होती. भागोजी तिच्याशी गोड बोलला, हेच खरं तर संशयास्पद होतं. "पासपोर्ट इकडं दे. दमट हवा हाय, बुरशी धरंल. पेटीत ठेवतो," म्हणाला. तिने दिला. बापाने तो लाल कोटांच्या खाली ठेवला, कुलूप लावलं आणि चावी करगोट्याला बांधली. पोरीला परत जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं फेब्रुवारीतच ठरलं होतं.

दर्शी घरात क्लॅरिनेटला हात लावत नव्हती. रोज सकाळी वाद्याची पेटी घेऊन पोलादपूरला मैत्रिणीकडे, रेश्माकडे जायची आणि दुपारी यायची. मंजुळाने विचारलं, इथे का नाही वाजवत? तर म्हणाली, "इथं कुणी ऐकत नाही आई. तपासतात." हे भागोजीने भिंतीआडून ऐकलं आणि त्याचा अर्थ असा काढला, की वाजवता येत नाही म्हणून टाळते.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा तिने पासपोर्ट मागितला.

"नाय द्यायचा," भागोजी म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाय. कुणाची डमी म्हणून राहायचं तर इथं रहा. इथं निदान माझ्या बँडात राहशील."

दर्शी भांडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. भागोजी जवळ गेला. लग्नसराईत नवा वादक ठेवताना तो शेवटी एक गोष्ट बघतो. क्लॅरिनेट खरं फुंकणाऱ्याचा खालचा ओठ दातांवर दुमडलेला असतो, आणि आतल्या बाजूला दातांचे वळ उठतात. बोटं कुणीही नाचवेल. हे वळ खोटे आणता येत नाहीत.

"ओठ उलटा कर."

"अवो, बैल हाय का ती!" मंजुळा ओरडली.

दर्शीने बापाच्या डोळ्यात बघत खालचा ओठ दोन बोटांनी उलटा केला. आत दोन घट्टे होते, पांढरे पडलेले, आणि मध्ये नुकतीच फुटलेली लाल चीर. भागोजीने उजेडाकडे नेऊन बघितलं. तीस वर्षांच्या फुंकण्याने त्याच्या स्वतःच्या ओठाला एवढं झालं नव्हतं. मग गालांचं काय? पण गालांचं त्याला आता काही सुचेना. त्याचे हात खाली आले.

"दुखतं का गो?"

"सुरुवातीला खूप दुखायचं, गाल न फुगवता फुंकायला शिकताना," ती म्हणाली. "तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

भागोजीने करगोट्याची चावी सोडली. गाठ सुटेना, मंजुळाने सोडून दिली. लाल कोट बाजूला करून त्याने पासपोर्ट काढला, सदऱ्याला पुसला आणि पोरीच्या हातात दिला. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाला, "थोडं वाजव ना."

"ऐकायला बसणार का बघायला?"

तो बाहेर पडवीत गेला आणि घराकडे पाठ करून पायरीवर बसला. आत क्लॅरिनेटच्या पेटीचा खटका वाजला, वाद्याचे तुकडे जोडल्याचा आवाज झाला, आणि मग एक सूर आला. एकच. तो वाढत गेला, पडवीभर झाला, आणि कुठेही न थरथरता तसाच बारीक होत गेला. मंजुळा चुलीपाशी उभी राहून रडत होती.

खरं सांगायचं तर पायरीवर बसल्या बसल्याही भागोजीच्या मनात एकदा आलंच, की ही मोबाईलवर लावून ऐकवत तर नसेल? वळून आत बघावं, एकदाच.

पण तो वळला नाही.