टेपमधली खटखट
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला अजून चीड येते. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास सोलापुरात आम्ही चार मित्रांनी गिटार आणि ड्रमवर आठ मराठी गाणी बसवली होती. त्यांची एलपी रेकॉर्ड निघावी म्हणून आमच्या घराच्या माडीवर, भिंतींना चादरी ठोकून, भाड्याच्या टेपरेकॉर्डरवर महिनाभर घसे फोडून ती टेप केली. मुंबईच्या कंपनीतल्या साहेबांनी पहिलं गाणं अर्धंच ऐकलं आणि विचारलं, "मागे हे काय खटखटतंय?" माडीखाली माझ्या वडिलांचे, अप्पांचे, चार यंत्रमाग दिवसभर चालायचे, सूत ओढत धोटे इकडून तिकडे खटखटत धावायचे, पण गल्लीत घरोघरी माग असल्यानं आणि जन्मापासून ऐकत आल्यामुळे तो आवाज आमच्यापैकी कुणाला ऐकूच येत नव्हता. साहेबांनी टेप परत केली. घरी येऊन मी अप्पांना वैतागून म्हटलं, आता तुम्हीच ऐका. त्यांनी आठही गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "बरं झालं लावलीस. तिसऱ्या मागाचा धोटा अडकायलाय की." मग पाना आणि शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन खाली उतरले. आता मागही नाहीत, अप्पाही नाहीत. परवा ती टेप लावली, तर आठ गाण्यांत मला एकही गाणं ऐकू आलं नाही, फक्त खटखट.