फोटोतली निळी गाडी

मी आयुष्यात एकच गाडी चिंचेने घासली आहे.

ती माझी पहिली गाडी. सेकंडहँड, पण गडद निळी आणि आरशासारखी. अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगखाली तिला पुढून ऐटीत टेकून मी फोटो काढला आणि साताऱ्याला वडिलांना पाठवला. पंधरा दिवसांनी अण्णांचं पत्र आलं. "फोटो छान. खालचे कुलकर्णी म्हणतात, गल्फमधली पोरं दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढतात. मी म्हटलं, आमचा श्रीकांत तसला नाही. पुढच्या महिन्यात मी तिकडे येतोच आहे. बघेन."

ते 'बघेन' मला फार झोंबलं. आता विमानतळावर तीच गाडी, तशीच चकचकीत उभी करणं हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

म्हणून मी गाडी जपायला लागलो. बिल्डिंगमागच्या हिरवळीच्या कडेला, एकुलत्या एका कडुनिंबाखाली ती लावायची. पहाटे हिरवळीचे फवारे सुरू झाले की गाडीवरही पाणी उडायचं.

"बघ, फुकटात रोज आंघोळ," मी वैशालीला (बायको, स्वभावाने संशयी) सांगितलं.

ते पाणी खारं होतं, आणि सूर्य वर आला की ते जागच्या जागी वाळायचं. अण्णा यायच्या आदल्या दिवशी नीट पाहिलं, तर बॉनेटभर पांढरे ठिपके. धुतले, पुसले, नखाने खरवडले. ढिम्म हलेनात.

"बाबा, इट हॅज चिकनपॉक्स," आमची सात वर्षांची सई म्हणाली.

शेजारचे कोशीसाब त्यांची नवीकोरी पांढरी गाडी पुसत होते. "टेन्शन मत लो, हबीबी. थोडा विनेगर, ज्यादा पानी, नरम कपडा. और छाँव में करना."

व्हिनेगर म्हणजे काय, तर आंबट. मग आपली चिंच काय वाईट? देवाचा तांब्या तिनेच तर लखलखतो! मी भर दुपारी बॉनेटवर चिंचेचा कोळ थापला, वर मूठभर मीठ टाकलं आणि घासायला काथ्या घेतला. (नरम कपडा, सावली वगैरे तपशील मी सोयीने विसरलो होतो.) पाच मिनिटांत कोळ वाळून घट्ट चिकटला. मग मी आणखी जोर लावला.

"अहो, भांड्यांचा काथ्या कुठे गेला?" वैशालीने खिडकीतून विचारलं. मग तिला खाली मी दिसलो. "उद्या अण्णांना गाडी दाखवायचीय की घंगाळं?"

डाग गेले. त्यांच्यासोबत चकाकीही गेली. बॉनेटच्या मधोमध परातीएवढा भुरकट, ओरखड्यांचा गोल उरला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर अण्णांनी आधी खिशातून फोटो काढला. फोटो पाहिला, गाडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, तीच आहे. नंबर बघा हवं तर."

"फोटोत नंबरावर तुझे पाय आलेत."

"आजोबा, इट्स अवर कार. बाबा पुट चिंच ऑन इट," सई मदतीला धावली.

"लेकरालासुद्धा पढवून ठेवलंस," अण्णा म्हणाले आणि गाडीत बसले. मला रडू यायचंच बाकी होतं. घर येईपर्यंत ते तो फोटोच पुन्हा पुन्हा बघत होते.

बिल्डिंगखाली उतरल्यावर मात्र त्यांनी टोपी सारखी केली, इकडे तिकडे पाहिलं आणि थेट कोशीसाबांच्या पांढऱ्या गाडीला पुढून टेकून उभे राहिले.

"काढ फोटो."

"अण्णा, ही आपली नाही!"

"ते मला कळतंय. कुलकर्ण्यांना कुठे कळतंय? पायांनी नंबर नीट झाकलाय ना, तेवढं बघ."

तो फोटो साताऱ्याच्या घरात अजून लावलेला आहे. मी गेलो की कुलकर्णी काका हमखास विचारतात, "श्रीकांत, ती पांढरी गाडी का रे विकलीस?"

मी सांगतो, पाण्याचे डाग पडायला लागले होते.