खोल समुद्राची एकच जागा

अमरावतीत समुद्र नाही, म्हणून आम्ही समुद्र शिकायचाच नाही का? विद्यार्थी संघटनेचं हे पत्रक मी लिहिलं, मीच वाटलं. शेवटी खोल पाण्यातले मऊ प्रवाळ ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी आमच्या कॉलेजला एक जागा मिळाली. निवडीच्या दिवशी मी बरणीतल्या नमुन्याचा रंग पाहून ठणकावून नाव सांगितलं. माझ्यासोबत निवडीला आलेल्या दर्यापूरच्या मैत्रिणीने मात्र तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला आणि मागे उरलेले चुन्याचे बारीक काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

"रंग काय पाहून राहिली वं? स्पिरिटमध्ये रंग उडते. काटे पाहा लागते," ती म्हणाली.

तिचीच निवड झाली. तिचे बोटीवरचे फोटो आले की अजून माझं डोकं तापतं. संघटनेने जागा मिळवल्याच्या विजयाचं पत्रक मलाच लिहायला सांगितलं.

"जे गेली तिलेच सांगा," म्हणून मी उठले.