पाठवणीपर्यंतचा हात

"राख माझ्या दुकानातली!" त्र्यंबकशेट ओरडले.

"आणि सोनं काढणारे हात कुणाचे? बसा की मग तुम्हीच खाडीवर चिखल धूत. बोटं नाजूक आहेत, शोभतील!" सोनारांचा केर धुणाऱ्या विश्राम झारेकऱ्यानं उलट सुनावलं.

कल्याणची सोनार आळी दारांत गोळा झाली होती. विश्रामची सून तुळसा दाराआडून ऐकत होती. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, हळद अजून नखांत होती. शेवटी तोड निघाली. शेटच्या दुकानातला केर आणि राख धुण्याचं काम विश्रामच्या घरी, राहायला दुकानामागची खोली. बदल्यात त्या घरातल्या एका हातानं रोज दुकान झाडायचं, केर धुऊन सोनं काढून द्यायचं. हात थांबला की केर दुसऱ्याला आणि खोलीही. दोघांनी विडा खाल्ला नि हसत उठले. हात तुळसाचा होता, पण तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आगगाडी कल्याणला आली त्याच साली तुळसाही आली. गाडी रोज परत जायची. तुळसा बत्तीस वर्षांत एकदाही गेली नाही.

केर पाटीत घेऊन पाण्यात हेलकावे द्यायचे, हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. त्यात पारा चोळायचा, पारा सोन्याला धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळून गोळी आगीवर ठेवायची. पारा उडतो, सोनं उरतं. उडालेला पारा कुठं जातो, ते तुळसाच्या नवऱ्याला, कान्हाला, पुरतं कळलं होतं. शेवटी शेवटी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या ठरत नव्हता. पुढं लेक-सून पटकीत गेली. मागं उरली नात, भागीरथी. तिचं लग्न कोपरीला झालं होतं. नातजावई रेल्वेत रुळांचे सांधे बदलायचा, पाऱ्याशी संबंध नाही. पाठवणी वैशाखात.

आणि माघातच तुळसाचा हात कापायला लागला.

पाटी हलली की सोनंही चिखलाबरोबर खाडीत. शेटना कळलं असतं तर ते गोडच बोलले असते, "नात आहे की घरात! सासर थांबेल दोन वर्षं." दोन वर्षं म्हणजे किती, हे तुळसा स्वतःवरून जाणून होती.

मग तिनं आईनं दिलेल्या माळेतल्या सोन्याच्या पुतळ्या काढल्या. एकेक पुतळी कानशीनं घासायची आणि ती पूड धुतलेल्या सोन्यात मिसळायची. जन्मभर राखेतून सोनं काढलं, आता राखेलाच सोनं चारत होती.

चैत्रात शेटनी तिचं सोनं कसोटीवर ओढलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुळसाबाई, हा कस आमच्या दुकानातला नव्हे. कुणाचा केर धुतेस चोरून?"

"बरं, शेट. तुमच्या दुकानात उंची सोनं कधी सांडतच नाही, असं आळीत सांगते."

समोर गिऱ्हाईक बसलं होतं. शेटनी सोनं डबीत टाकलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. तुळसानं हात पदराखाली दाबून धरला होता.

वैशाखात कोपरीची माणसं आली. भागीरथी स्टेशनावर रडायला लागली.

"आजे, तू कधी येशील गं?"

"मी आले तर दुकान कोण झाडेल? तू नीट बस, खिडकीबाहेर वाकू नकोस."

शेवटची पुतळी पोरीच्या ओटीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी तुळसानं दुकान झाडलं, केर खाडीवर धुतला, निघालं तेवढं शेटपुढं ठेवलं. मुगाच्या दाण्याएवढंही नव्हतं. ठेवताना हात लपवला नाही.

शेटनी हात पाहिला. "नात कुठंय?"

"सासरी. काल पोचलीसुद्धा."

"मग उद्यापासून पोपट झारेकऱ्याच्या घरचं कुणी येईल. खोलीही…"

"होय, शेट."

तिनं उंबऱ्याजवळच्या घंगाळात तळवे चोळून धुतले, त्यांवरची धूळही दुकानाचीच म्हणून. पदर घंगाळावर झटकला, केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि मागच्या दारानं खोलीकडे गेली.