वणीच्या मावशीचं वरण

हे मी कोणाले सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, माह्या मायले नाही, देवापुढं हात जोडले तरी मनातल्या मनातही नाही. तुमाले सांगून राह्यली, कारण तुम्ही माह्या घरचे नाही. घरच्याइसमोर माह्यी जीभ अजून रेटत नाही.

गोष्ट वरणाची आहे. हसू नका. बाभुळगावात आमच्या घरच्या आंबट वरणाचं लोक नाव काढतात. तुरीची डाळ, तिच्यात मूठभर चण्याची, दुधीच्या मोठ्या फोडी, चिंच, पुदिना, अन् वरून लाल तळलेला कांदा. पाहुणे चपला काढता काढता विचारतात, आज वणीच्या मावशीचं वरण आहे ना? माह्या मावशीचं. तसं मीच सांगतलं सगळ्याइले.

मावशीनं जन्मात तसं वरण केलं नाही.

मंग कोणाचं? तेच तं सांगाचं आहे, अन् तेच निघत नाही तोंडातून. थांबा, पहिल्यापासून सांगते.

छप्पन साली मी लगन होऊन या घरात आली. सहा महिने नाही झाले तं ह्याइले मुदतीचा ताप धरला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ते गेलीच. घास दिला का तोंड फिरवत. सासूबाईचा एकुलता एक लेक, अन् मी पांढऱ्या पायाची म्हणून घरात सगळे पाहून राह्यलेले. काय करू? मागच्या अंगणात भांडे घासता घासता रडत होती.

मागची भिंत आमची अन् हमिदाबीची एकच. तिचा नवरा मिस्त्री, शेतातल्या तेलाच्या इंजिनी दुरुस्त करे. तिनं रडणं ऐकलं असन. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून एक गाडगं पुढं आलं.

"नवं कोरं आहे जी, वैनी. आमच्या घरचं काही लागलं नाही याले. गोश्त नाही टाकलं, नुसती दुधी टाकली."

पाहा — मी मागायच्या आधी तिनं माह्या घरचं सोवळं सांभाळलं. अन् मी? डाळ आमच्या गंजात ओतली, गाडगं फोडलं अन् उकिरड्यात दाबलं. कोणी पाहू नाही म्हणून.

हे दोन वाट्या जेवले. वरून आणखी मागतली. सासूबाईच्या डोळ्याले पाणी आलं. "हे कोठी शिकली वो तू?" हमिदाबीच्या घरचं पाणीही आमच्याकडं चालत नव्हतं. मी म्हणलं, वणीच्या मावशीनं शिकवलं. मावशी आदल्या वर्षीच गेलती. मेलेलं माणूस थोडीच सांगाले येते?

एक खोटं बोललं का मंग ते पोसा लागते. आठ दिवसात पुन्हा वरणाची फर्माईश झाली, तवा हमिदाबीनं मले भिंतीपलीकडून शिकवलं. मी चूल मागच्या अंगणात मांडली, ती तिकडं उलट्या घमेल्यावर उभी राह्यली. "चिंच आताच नको, वैनी. डाळ घोटू दे पहिले. आंबट पडलं का डाळ शिजतच नाही." पुदिनाही तिच्याच मोरीजवळचा. एकदा सहज म्हणाली, ही डाळ तिच्या अम्मीच्या हातची. अम्मी ही लहान असतानाच गेली. "दागिना ना कपडा, काहीच नाही राह्यलं तिचं. ही डाळ तेवढी आहे." मले तवा लई कळवळा आला. खरंच आला. भिंतीवरून तिचा हात धरला मी.

अन् तोच हात —

नणंद वणीले दिली होती. एका उन्हाळ्यात माहेरी आली. अंगणात गल्लीतल्या बाया शेवया वळत बसल्या होत्या, त्याइच्या समोर म्हणे, "वैनी, तुमच्या मावशीच्या घरी गेलती मी. तिची सून म्हणते, असं वरण आमच्या घरात कधी झालंच नाही." सगळ्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. अन् नेमका तवाच भिंतीपलीकडून वास आला. तोच. तळलेल्या कांद्याचा अन् पुदिन्याचा. सासूबाईनं शेवयाचा हात थांबवला. "आपल्या वरणाचा वास तिकडून काहून येते वो?"

खरं बोलता आलं असतं काय? आलं असतं. मार थोडीच पडला असता. चार दिवस सासू बोलली असती, फार तं माहेरी धाडलं असतं. एवढंच. मी म्हणलं, "भिंतीवरून पाहत राह्यते ती. शिकली असन माह्यं पाहून."

सासूबाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या. "काय वो हमिदाबी, माह्या सुनेची चीज चोरली काय?"

हमिदाबी आली. पदराले हात पुसले. सासूबाईकडं नाही पाह्यलं तिनं, माह्याकडं पाह्यलं. मी मान खाली घालून शेवई वळत होती. तिले समजलं. एका घडीत सगळं समजलं तिले.

"हो जी," म्हणाली. "वैनीचं पाहूनच शिकली मी."

बाया हसल्या. तुमाले काय सांगू — मीही हसली.

त्यानंतर ती भिंतीशी आली नाही. मीही हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारू? पुढं तिच्या नवऱ्याले वणीकडं ट्रकाचं काम भेटलं अन् ते घर सोडून गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी घरात होती. बैलबंडी निघाल्याचा आवाज ऐकला, बाहेर नाही गेली.

मागच्या साली नणंदेकडं बारसं होतं म्हणून वणीले गेलती. परतताना मोटार स्टँडवर मिस्त्री दिसले. दाढी पांढरी झालेली. त्याइनंच ओळखलं मले. आपुलकीनं ह्याइची तब्येत विचारली. मी भीत भीत हमिदाबीचं विचारलं. म्हणाले, बरी आहे. मंग म्हणाले, "पोरं त्या आंबट डाळीची लई याद काढतात, वैनी. इकडं आल्यापासून तिनं एकदाही नाही केली. किती म्हणलं, तं म्हणते, ती आता वैनीच्या घरची आहे, आपली नाही."

त्या माणसाले काहीच माहीत नव्हतं. तिनं त्यालेही सांगतलं नव्हतं. समोर उभा राहून तो माह्याकडं चांगल्या नजरेनं पाहून राह्यला होता, अन् मी — मी म्हणलं, येते भाऊ, माह्यी मोटार लागली. मोटार लागली नव्हती. मी दुसऱ्या बाजूले जाऊन भिंतीआड उभी राह्यली.

घरी आली. सासूबाई आता थकल्या, अन्न जात नाही. म्हणाल्या, "उद्या मावशीचं वरण करशीन काय वो?"

करते म्हणलं. केलं. सगळे पोटभर जेवले. मीही जेवली.