घट किती धरता?

रिसोडात क्लाउड कॉम्प्युटिंगचा क्लास चालवायचा म्हटलं की किस्से आपोआप साठत जातात, साठवायला वेगळी जागा घ्यावी लागत नाही. त्यातले बरेचसे पारसभाऊंचे. पारसभाऊ किराणा दुकानदार. बसायचे पहिल्या बाकावर, शंका मात्र शेवटच्या बाकाच्या.

पहिल्याच दिवशी मी सोपं करून सांगितलं, "क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं गोदाम समजा. फाइल आपली, जागा भाड्याची. लागेल तेव्हा इंटरनेटवरून काढून घ्यायची."

"समजलं," पारसभाऊ म्हणाले. "घट किती धरता?"

"घट नसते."

"सर, सोयाबीन ठेवा का तूर, गोदामात घट होतेच."

घरी जाऊन त्यांनी परीक्षाच घेतली. दुकानाचा फोटो क्लाउडवर चढवला, परत उतरवला. वजन तेवढंच भरलं. मग तोच फोटो मेसेजमधून भावाला पाठवून परत मागवला, तर निम्म्याहून हलका! दुसऱ्या दिवशी वर्गभर सांगत होते, "गोदामवाला इमानदार हाये, ट्रान्सपोर्टवाला चोर हाये." फाइल कॉम्प्रेस होते म्हणजे काय, हे मला याहून बरं कधी शिकवता आलं नाही.

पावसाळ्यात आमची पंचाईत. ढग दाटले की नेटवर्क गेलंच.

"सर, क्लाउड म्हंजे आभाळच ना?" पारसभाऊंनी विचारलं. "मंग आभाळ आलं का हे कायले जाते?"

मी डस्टर उचलला आणि फळा पुसायला घेतला.

पुढचा धडा पासवर्डचा. कुणालाही सांगायचा नाही, असं मी बजावलं. जवळच्याच मालेगावहून एसटीने येणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "माहा तं माह्या तोंडातून निघतच नाई. मालकाचं नाव ठेवलं. लगन झाल्यापासून कधी घेतलं नाई."

"मंग उखाण्यात घ्या," पारसभाऊ म्हणाले. सगळे हसले, मंदाताईही हसल्या. मग म्हणाल्या, "ते गेले ना जी मागच्या साली."

पारसभाऊंनी मान खाली घातली. मलाही फार वाईट वाटलं.

तेव्हा कळलं की त्या क्लासला कशासाठी आल्या होत्या. त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये मालकांचे व्हॉइस मेसेज होते, आणि तो मोबाइल मनात येईल तेव्हा बंद पडायचा. तेवढे आवाज राहावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

लगेच आम्ही ते क्लाउडवर चढवायला घेतले. नेमकं तेव्हाच आभाळ आलं. अपलोडची रेघ अर्ध्यावर अडकली. पारसभाऊ उठले आणि स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून हात खिडकीबाहेर काढून उभे राहिले. बाही भिजली तरी हलले नाहीत. "या खेपी घट नाई होऊ द्यायची," एवढंच म्हणाले. शेवटी रेघ भरली.

पुढच्या आठवड्यात तो मोबाइल कायमचा गेला. मंदाताई रडवेल्या होऊन आल्या. मी त्यांना क्लासच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी ते नाव टाइप केलं, पहिला मेसेज उघडला. स्पीकर मोठा होता.

"मंदा, मोटर बंद केली का व?"

मंदाताईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"केली जी," त्या म्हणाल्या.